प्रभूंचा टेलिफोन

खडकवाडीच्या मिशन कंपाउंडात टेलिफोन आला, त्या दिवशी भिमाजी तोरणे यांनी तो चार हात लांबून पाहिला. पाळकांच्या ओसरीवर, टेबलाच्या मधोमध, काळाकुट्ट आणि गप्प. भिमाजी पंचांनी त्याला एक पूर्ण फेरी मारली आणि निकाल दिला.

"मानूस तिकडं आन् आवाज हिकडं! धडाबिगर आवाज कुनाचा आसतो, सांगा बरं?"

"पंच, अहो, रात्री-अपरात्री कुणी आजारी पडलं तर कोल्हारहून गाडी मागवता येईल," तरुण पाळक शमुवेल अमोलिक म्हणाले.

"गाडी येईल वो. पन त्या तारंतून गाडीच्या मागनं काय काय येईल, ते कोन बघनार?"

भिमाजी मंडळीच्या पंचकमिटीचे मुख्य. चाळीस वर्षं दर रविवारी लांबलचक प्रार्थना करणारा हा माणूस. विजेचा दिवा आला तेव्हाही त्यांनी विरोध केला होता आणि त्याच दिव्याखाली बसून तो कागदावर उतरवला होता. शेवटी ठरलं असं, की एक महिना टेलिफोन ठेवायचा आणि मग बघायचं. सगळे उठले. देवळाची घंटा वाजवणाऱ्या चांगुणाबाई साळवे तेवढ्या बसून राहिल्या.

"बघायचं काय त्यात?" त्या म्हणाल्या. "टेलिफोन ऱ्हानार."

चांगुणाबाईंचं कारण मुंबईत होतं. त्यांची एकुलती एक लेक मार्था नर्स झाली होती आणि तिला कुवेतच्या दवाखान्यात नोकरी लागली होती. टेलिफोनचा नंबर पाळकांनी तिला कळवला. पंधरा दिवसांनी, शुक्रवारी, तिचं विमान होतं. पण बुधवारी तिचं पत्र आलं, त्यात अर्धी शाई नि अर्धे अश्रू. "आई, सगळे नको म्हणतात. मलाही भीती वाटते. गुरुवारी दुपारी एक वाजता फोन लावते. तू जा म्हणालीस तर जाईन, नाहीतर विमान सोडून घरी येईन." कोल्हारला जाऊन तार करता आली असती. पण तारेतल्या दोन अक्षरांवर मार्था विमानात चढणार नव्हती. तिला आईचा आवाज हवा होता.

पत्राची बातमी वस्तीभर झाली आणि भिमाजी सल्ला द्यायला हजर.

"चांगुणाबाई, बाईमानसानं आभाळातनं जायचं? परमुलखात? पोरीला म्हनावं, ये माघारी."

"पंच, पोरगी माजी आन् तोंड बी माजंच. काय म्हनायचं ते मी म्हनीन."

गुरुवारी पाळक एका लग्नासाठी राहात्याला गेले होते. फोन एकचा, पण चांगुणाबाई सकाळी नऊपासून धुवट लुगडं नेसून टेबलासमोर स्टुलावर बसल्या होत्या. बरोबर सव्वाअकराला टेलिफोन खणखणला. त्यांनी तो उचलला, आधी उलटा धरला, मग सुलटा केला.

आता इथं एक गोष्ट वाचकांना सांगितलेली बरी. नगरच्या टेलिफोन ऑफिसात दिगंबर प्रभू नावाचे एक इंजिनियर नव्याने आले होते. मूळचे कोकणातले, स्वभावाने कडक, रीतीचे पक्के. फोन लावला की आधी नाव सांगायचं, ही त्यांची शिस्त होती.

"हॅलो! प्रभू बोलतोय."

चांगुणाबाई ताडकन उभ्या राहिल्या. डोक्यावरून पदर घेतला.

"बोल, प्रभू. मी चांगुना. हितंच हाय."

प्रभू सकाळपासून तेरा गावांना फोन करून कावलेले होते. एकेरीकडं त्यांनी दुर्लक्ष केलं.

"आवाज नीट येतोय का?"

"येतोय की! इतका सपष्ट पयल्यांदाच."

"ठीक. आज तुमचा नंबर लागलाय. बारा वाजता माणूस येईल आणि घेऊन जाईल."

चांगुणाबाईंनी वर आभाळाकडे बघितलं. "आज? बारालाच?"

"बाराला. शिडी घेऊन निघालाय तो."

शिडी म्हटल्यावर चांगुणाबाईंचा उरलासुरला संशय फिटला. शास्त्रातली शिडी जमिनीवरून थेट स्वर्गात जाते, हे त्यांनी तीस वर्षं वस्तीतल्या बायकांना शिकवलं होतं. पण लगेच त्यांना मार्था आठवली आणि त्यांचं डोकं फिरलं.

"न्हाई!" त्या ओरडल्या. "बाराला जमायचं न्हाई!"

"अहो, असं कसं? वरून ऑर्डर आहे."

"तुज्या बी वर कोन हाय? बापच ना? मग सांग तुज्या बापाला! म्हनावं, चांगुनानं कदी काय मागितलं न्हाई. मालक गेले तवा बी गप बसली. आज एक वाजेपातूर थांब म्हनावं. माज्या लेकीला जा म्हनते, मंग खुशाल ने!"

"माझ्या वडिलांचा इथं काय संबंध?" प्रभू भडकले. "ते चार वर्षांपूर्वीच रिटायर झाले!"

चांगुणाबाईंनी फोन कानापासून दूर धरला आणि त्याच्याकडे टक लावून बघितलं. मग डोक्यावरचा पदर जरासा मागं सारला, स्टुलावर बसल्या आणि फोन परत कानाला लावला.

"बरं," त्या म्हणाल्या, "मंग आता तुमीच सांगा. ही ऑर्डर निघाली कशापायी?"

"तुमच्याकडूनच अर्ज आलाय. सही भि. या. तोरणे. कारण लिहिलंय, 'सदर यंत्र आत्मिक उन्नतीस बाधक आहे, तरी सत्वर काढून न्यावे.'"

"आसं लिवलंय व्हय? आन् थांबवायचं आसंल तर?"

"अर्जदाराने स्वतः माघार घेतली पाहिजे. मी पावणेबाराला परत फोन करतो. त्यांना हजर ठेवा."

चांगुणाबाई फोन ठेवून निघाल्या त्या थेट घंटेच्या दोरीपाशी. गुरुवारी सकाळी घंटा वाजली की एकतर कुणी गेलेलं असतं किंवा कुठं पेटलेलं असतं. चुलीवरच्या भाकरी टाकून बायका आल्या. भिमाजी कांद्याच्या वाफ्यातून चिखलाच्या पायांनी पळत आले.

"कोन गेलं?"

"आजून कोनी न्हाई," चांगुणाबाई म्हणाल्या. "पंच, तुमी अर्ज धाडलाय?"

"क... कसला अर्ज?"

"मला काय इचारता? प्रभूंनी स्वता सांगितलं. आत्ता. त्या टेलिफोनवर."

देवळासमोर जमलेल्या बायका एकमेकींकडे बघू लागल्या. चांगुणाबाईंच्या शेजारीण मालनबाईंनी दोन्ही हात तोंडावर ठेवले.

"थोतांड!" भिमाजी गरजले, पण आवाज चिरकला. "सैतान आसंल त्यो! मी पयल्यापासनं सांगतोय!"

"मंग त्येला तुमची सही कशी ठावं? भि. या. तोरणे. 'सदर यंत्र आत्मिक उन्नतीस बाधक.' हे बी वाचून दाखवलं मला."

भिमाजींचा चेहरा वाफ्यातल्या चिखलासारखा झाला. तो अर्ज त्यांनी गोठ्यात बसून लिहिला होता. साक्षीला दोन बैल. टाकला तोही राहुरीच्या पेटीत, स्वतःच्या हाताने. खडकवाडीत कुणाला म्हणजे कुणालाच माहीत नव्हता.

"आनखी... आनखी काय म्हनला प्रभू?"

"पावनेबाराला परत बोलनार हायेत. तुमच्याशी. हजर ऱ्हावा म्हनले."

"माज्याशी? न्हाई, न्हाई. मला कांद्याला पानी..."

"चाळीस वर्सं दर आयतवारी म्हनताय, प्रभू बोल, प्रभू बोल! आन् बोलायची येळ आली तर कांदं? मी बाई आसून उचलला टेलिफोन. तुमी तर पंच!"

तेवढ्यात फाटकातून सायकल आत आली. सायकलवर खात्याचा लाईनमन आणि सायकलीला बांधलेली भलीमोठी शिडी. कुणाशी न बोलता त्याने ती सोडली आणि खांबाला टेकवली. शिडीचं वरचं टोक आभाळात गेल्यासारखं दिसत होतं.

"शिडी येनार, हे बी प्रभूंनी सांगितलं हुतं," चांगुणाबाई शांतपणे म्हणाल्या.

एवढं पुरे झालं. ओसरीवर टेलिफोन खणखणला आणि चार जणांनी भिमाजींना धरून टेबलापर्यंत नेलं. त्यांनी फोन कानाला लावला.

"हॅलो! प्रभू बोलतोय."

भिमाजींनी फोनसकट गुडघे टेकले.

"चुकलो, प्रभू! माफी कर! अर्ज माघारी घेतला! तू म्हनशील तसं!"

पलीकडे प्रभूंचा सकाळपासूनचा संताप एकदम उसळला.

"अहो, एकेरीवर येऊ नका! काय हे, तू-तू? मोठ्या माणसांशी बोलायची काही रीत आहे की नाही? मघाशी त्या बाईंचं ऐकून घेतलं म्हणून सगळ्यांनीच सुरू करायचं?"

"चुकी झाली! आपन... आपन म्हनाल तसं!"

"माणसाला थांबायला सांगा. आणि माघारीचं रीतसर लेखी पाठवा. शेवटी 'आपला नम्र' लिहायला विसरू नका."

"न्हाई इसरनार! जल्मात न्हाई!"

लाईनमनला खांबावरून उतरवून चहा पाजण्यात आला. भिमाजी त्याच्याकडे चोरून बघत होते. चहा त्याने बशीत ओतून प्यायल्याचं पाहून त्यांना थोडा धीर आला.

बरोबर एकला मुंबईचा फोन लागला. सगळी वस्ती ओसरीबाहेर कान देऊन उभी.

"आई? आई, ऐकू येतंय? मी काय करू गं? भीती वाटते. तिथं आपलं कुणी नाही."

चांगुणाबाईंच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, पण आवाज त्यांनी हलू दिला नाही.

"त्यो वरचा खडकवाडीत हाय आन् कुवेतात न्हाई, आसं कुनी सांगितलं तुला? जा पोरी. जा म्हनते मी. मला बी भ्या वाटलं हुतं आज सकाळी. पन उचलला टेलिफोन. तू इमानात बस."

"जाऊ?"

"जा! आन् तिथं ग्येल्यावर डोक्याला तेल लावत जा."

तीन मिनिटं संपली आणि फोन कट झाला. चांगुणाबाईंनी तो पदराने पुसून जागेवर ठेवला आणि मग मात्र तोंडाला पदर लावून हमसून रडल्या. मालनबाई त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या.

संध्याकाळी पाळक परतले. हकीकत ऐकून आधी चक्रावले, मग त्यांना हसू आवरेना.

"चांगुणाबाई, अहो, ते नगरचे नवे इंजिनियर! प्रभू हे त्यांचं आडनाव!"

"ठावं हाय."

"ठावं हाय? कधीपासून?"

"वडील रिटायर झाले म्हनले, तवाच. आपला बाप कवा रिटायर व्हतोय व्हय? मंग लगेच मी त्येस्नी तुमी म्हनाया लागले. देवाला आपन तू म्हनतो, सायबाला तुमी."

"आणि सगळ्यांना सांगितलंत की प्रभू बोलला!"

"मी न्हाई आसं म्हनले. प्रभूंनी सांगितलं, म्हनले. इचारा कुनाला बी. एवडं अनुस्वार दिऊन बोलले, त्येस्नी ऐकू आलं न्हाई त्याला मी काय करू?"

"आता भिमाजींना खरं सांगायला हवं."

"सांगा की. पन मार्था पोचल्याचं पत्र येऊ द्या आदी."

पाळकांनी खूप विचार केला आणि पत्राची वाट बघायचं ठरवलं.

रविवारी उपासनेला देऊळ गच्च भरलं होतं. प्रार्थनेसाठी नेहमीप्रमाणे भिमाजी उठले. स्वच्छ फेटा, हात जोडलेले, डोळे घट्ट मिटलेले. त्यांनी घसा साफ केला आणि चाळीस वर्षांत कधी केली नव्हती अशी प्रार्थना सुरू केली.

"मेहेरबान प्रभूसाहेब यांस, सलाम. इनंती इशेश. आमच्या वस्तीची लेक, कुमारी मार्था साळवे, ही आपल्याच हुकमानं कुवेतास गेलेली हाय. तरी तिला सुखरूप ठेवावं. तिला एकटं वाटू देऊ नये. टेलिफोनबाबत झाली चूक पदरात घ्यावी." एवढं बोलून ते थांबले. काहीतरी विसरल्यासारखं त्यांना वाटलं. मग एकदम आठवलं आणि ते मोठ्याने म्हणाले,

"आपला नम्र, भि. या. तोरणे. आमेन."

चांगुणाबाईंनी सगळ्यांत आधी आणि सगळ्यांत मोठ्याने आमेन म्हटलं.