दहा वर्षं एका रविवारात

२००४ सालची गोष्ट. महाळुंग्याच्या दत्तोबांची उजवी दाढ किडली, आणि चावण्याजोगी तेवढी एकच उरलेली. ती गेली की भाकरी जन्मभर दुधात कुस्करून खायची. ठणका असा, की म्हातारा गोठ्यात जाऊन बैलांशी भांडायचा.

"दादा, रूट कॅनाल करा," मुलगा मुरारी म्हणाला. "तनुजा डॉक्टरनी माझी केली की महिन्यापूर्वी. आतली घाण काढली, भरली, वर टोपी बसवली. दाढ वाचली."

"म्हैना झाला न्हाई आन् वाचली म्हनं! धा वर्सं टिकू दे, मग मी जातो."

दत्तोबा तेव्हा पंचाहत्तरीचे होते.

मुरारी चाकणच्या एका कंपनीत मोटारींच्या दारांची चाचणी घ्यायचा. तिथं यंत्र एकच दार लाखभर वेळा उघडायचं, लावायचं. दहा वर्षांचा वापर आठवड्यात उरकायचा. मुरारीच्या डोक्यात प्रकाश पडला.

"दादा, धा वर्षं तुम्हाला रविवारीच दाखवतो!"

रविवारी ओसरीवर भाजलेल्या वाटाण्यांची परात आली. टोपीच्या दाढेनं दहा हजार चावे! बायको वर्षाराणी मोजायची, आणि शंभर झाले की मुरारीची आई सारजाबाई ताटलीत ज्वारीचा एक दाणा टाकायची. दत्तोबा गाल धरून समोर बसले, पंचासारखे.

"अहो, तो वाटाणा डावीकडं गेला! धरायचा नाही!" वर्षाराणी ओरडली.

दुपारपर्यंत अंगण भरलं. शेजारचे सोपानराव कामावर निघालेले, तेही थांबले. "मुरारीभाऊ, ओव्हरटाइम का राव?"

चौसष्टशे झाले आणि कोंबडीनं ताटलीतले दाणे टिपले.

"चौसष्टशे झालं व्हतं, मी सांगते की!" सारजाबाई म्हणाली.

"पुरावा कोंबडीच्या पोटात," दत्तोबांनी निकाल दिला. "पयल्यापासनं!"

मुरारीचा जबडा भरून आला होता, पण त्यानं पुन्हा मूठ भरली. दिवेलागणीला नऊ हजार झाले. आता प्रत्येक शंभराला अंगणात टाळ्या पडत होत्या. नऊ हजार नऊशे... आणि कट्!

मुरारीच्या तळहातावर दाढेचा तुकडा पडला.

"गेली!" दत्तोबा खुर्चीत खचले. "आता माझी बी गेलीच."

वर्षाराणीनं बॅटरी धरून नवऱ्याच्या तोंडात पाहिलं. "टोपी जागेवर आहे! ही वरची तुटली. चांगली होती ती!"

दत्तोबा ताडकन उठले. "दुरुस्त केलेली शाबूत, आन् देवानं दिलेली फुटली? उद्या दवाखान्यात पयला नंबर माझा!"

दुसरा मुरारीचा लागला. तनुजा डॉक्टर त्याच्यावर कडाडल्या, "अहो, टोपी जेवायला बसवली होती, गिरणी चालवायला नाही!"

पुढं दत्तोबांनी त्याच दाढेनं चौदा वर्षं भाकरी खाल्ली. गेले त्या दिवशी सकाळीसुद्धा अर्धी खाल्ली होती. सारजाबाई त्यांच्यामागून दोन वर्षांनी गेली. सोपानरावांचा त्या रविवारचा खाडा मात्र पडला तो पडलाच. निवृत्त झाले तरी ते अजून ऐकवतात. तनुजा डॉक्टरांचा वाकडला दुसरा दवाखाना झाला. दाढ किती टिकेल असं कुणी विचारलं, तर नीट टोपी बसवून निगा राखली की वर्षानुवर्षं, असं त्या सांगतात, आणि घरी चाचणी घ्यायची नाही, असं बजावतात. मुरारीच्या खालच्या-वरच्या दोन्ही टोपीच्या दाढा आज एकवीस वर्षांनीही शाबूत आहेत. वर्षाराणी घरात वाटाणे आणत नाही.

त्यांचा मुलगा रणजीत हिंजवडीत सॉफ्टवेअरच्या चाचण्या घेतो. त्याचं म्हणणं, "बाबा, तीन दाढांवरून काही सिद्ध होत नाही. निदान हजार तरी पाहिजेत."

गेल्या आठवड्यापासून त्याचा डावा गाल सुजलाय.