सासऱ्याच्या ढोलाला जवायाचं ठिगळ

रंग जुळवावा तर अश्वजितनंच, असं अख्ख्या अहेरीत कोणीच म्हणत नव्हतं. पण अश्वजित स्वतः म्हणायचा, आणि इतक्या वेळा म्हणायचा की आपण हे दुसऱ्या कोणाच्या तरी तोंडून ऐकलंय असं लोकांना वाटू लागलं होतं! गाड्या रंगवायचं दुकान होतं त्याचं. ठोकलेली जीप आणा, घासलेली स्कूटर आणा, मालकालाच डाग शोधायला लावतो, अशी त्याची जाहिरात चहाच्या टपरीवर रोज चालायची.

तर असा हा कलाकार त्या दिवशी सासऱ्याच्या अंगणात डोक्याला हात लावून बसला होता. समोर सासऱ्याचा ढोल होता, आणि ढोलाला तळहाताएवढं भगदाड पडलं होतं.

ढोल साधासुधा नव्हता. चंद्रपूरची एक जुनी बँडपार्टी मोडली, तेव्हा देवरावांनी तो उचलून आणला होता. मोठा, गोल, आणि अंगावर शिंपल्यासारखी झाक असलेलं जुन्या काळचं प्लास्टिकचं कवच. आता तसं कवच कुठं मिळत नाही. आसपासच्या गावांतली निम्मी लग्नं या ढोलावर लागली होती आणि दरवर्षीची भीमजयंतीची मिरवणूक त्याच्याशिवाय हलत नव्हती. देवराव त्याला कोणाला हात लावू देत नसत. सासूबाई, म्हणजे कांताबाई, त्याच्याखालून झाडू मारतानासुद्धा आधी विचारायच्या.

यात अश्वजितचा गुन्हा एवढाच की त्याचं मन चांगलं होतं. देवरावांना मोतीबिंदू होता. मागच्या वर्षी त्यांनी विजेच्या खांबाला जयभीम घातला आणि खांब उत्तर देत नाही म्हणून रागावले, तेव्हा जवायानं हट्टच धरला. ऑपरेशनला राजी केलं, आणि नंदिनीला, म्हणजे आपल्या बायकोला, सोबत देऊन त्यांना चंद्रपूरला पाठवलं. ऑपरेशन झकास झालं. आता सासरे नव्या डोळ्यांनी जयंतीला येणार, तर ढोल खाली काढून जरा झटकून ठेवावा, असा त्याचा बेत होता.

त्यानं माळ्यावरून ढोल काढला खरा. पण ढोल हातात राहिला नाही. ओसरीवरून सुटला, पायऱ्या उतरला, अंगणात वाळत घातलेली मोहफुलं तुडवत गेला आणि हातपंपाच्या ओट्यावर धम्म करून आदळला. कवचाचा तुकडा उडाला. अश्वजित धावला, पण शेजारच्या रिनाची शेळी त्याच्याआधी पोचली होती. तिनं तो तुकडा शांतपणे चावून गिळला आणि आणखी आहे का म्हणून वर पाहिलं!

कांताबाई दारातच उभ्या होत्या. जवायाला रागवायचं नसतं, म्हणून त्या फक्त मटकन खाली बसल्या. ते रागावण्यापेक्षा वाईट होतं.

तेवढ्यात देवरावांचा फोन आला. आवाजात आनंद नुसता उतू जात होता.

"बापू, समोरच्या खाटेवरच्या माणसाच्या मिशीचा एक-एक केस दिसून राह्यला मले. तुमचे उपकार कसे फेडू?"

एक-एक केस! ज्या डोळ्यांसाठी त्यानं एवढा आटापिटा केला, तेच डोळे आता परवाच्या बसनं त्याच्याकडे येणार होते. महिनाभर थांबलो असतो तर काय बिघडलं असतं, असा एक नीच विचार त्याच्या मनात येऊन गेला.

मग कामाला लागणं आलं. आधी भगदाड लांबी, म्हणजे गाडीच्या खड्ड्यांत भरायची पुट्टी, भरून बुजवलं. दुकानातला पांढरा रंग लावला, तर ते ठिगळ काळ्या पाटीवर चुना सांडल्यागत दिसायला लागलं. पिवळा मिसळला, तर झाक नाही. झाकेसाठी नंदिनीची चमकीवाली नेलपॉलिश घेतली. ती पुरली नाही म्हणून रिनानं आपली आणून दिली, आणि बातमी वॉर्डभर पसरली. बघता बघता अंगणात बाया बाटल्या घेऊन जमल्या. कोणी म्हणे, माझ्या लग्नात देवरावभाऊनं वाजवला. कोणी म्हणे, माझ्या लेकीच्या. प्रत्येकीवर ढोलाचं देणं होतं, आणि रंगाबद्दल प्रत्येकीचं मत होतं. एक म्हणाली ताकासारखा, दुसरी म्हणाली जुन्या कागदासारखा. अश्वजितला गहिवरून आलं आणि डोकंही दुखायला लागलं.

शेवटी कांताबाईंनीच कोंडी फोडली. म्हणाल्या, हा तर वाळल्या मोहफुलाचा रंग हाय.

अगदी तोच होता! अश्वजितनं मोहफुलं उकळली, आटवली, आणि तो पिवळट तपकिरी पाक शेवटचा हात म्हणून ठिगळावर चोळला. काय जुळला रंग! डाग शोधून सापडेना. बायांनी टाळ्या वाजवल्या. अश्वजितनं प्रत्येकीचे मनापासून आभार मानले, आणि त्या रात्री तो गाढ झोपला.

देवराव आले ते काळा चष्मा लावून. दारातूनच एकेकाला न्याहाळत, नावानं हाक मारत. कांताबाईंकडे तर इतका वेळ पाहत राहिले की त्या लाजून आत गेल्या. मग ते ढोलापाशी आले. बायाही हळूहळू कुंपणाशी जमल्या होत्या. देवराव वाकले.

"इथी एवढ्याच जागी मुंग्या काऊन आल्या?"

मोहाचा गोड पाक! तळहाताएवढ्या जागेवर मुंग्यांनी असा ताबा घेतला होता की ठिगळाची किनार आखून दिल्यासारखी दिसत होती. देवरावांनी खांद्यावरचा दुपट्टा पाण्यात बुडवला आणि मुंग्या पुसायला लागले. पुसता पुसता हात ठिगळाबाहेर गेला, आणि जिथं गेला तिथं ढोल पांढराशुभ्र झाला.

सगळे बघत राहिले. देवरावांनी आणखी पुसलं. आणखी पांढरं!

"हे तर हळद हाय," कांताबाई आतून येत म्हणाल्या. नवरदेवाला लागली की उरलेली हळद ढोलाला लावायची, असा रिवाज. लग्नालग्नाची हळद आणि वर चुलीचा धूर. त्यालाच सगळे ढोलाचा रंग समजून बसले होते, आणि अश्वजितनं जीव ओतून जुळवला होता तो मळ!

आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. त्यानं खाली मान घालून सगळं सांगून टाकलं, शेळीसकट. देवरावांच्या चष्म्याखालून पाणी ओघळलं तेव्हा नंदिनी घाबरली. डॉक्टरनं रडू नका म्हणून बजावलं होतं.

"एवढी सालं असा मळका ढोल घेऊन लोकांच्या लग्नात मिरवलो," देवराव म्हणाले. "एकानंही बोलून दाखवलं नाई. किती चांगले लोक हाय आपले. अन् बापू, तुमी डोळे देले नसते, तर मले हेही समजलं नसतं."

मग सगळ्या बायांनी मिळून ढोल धुतला. असा निघाला की बघणाऱ्याला गॉगल लागावा. फक्त एक तळहाताएवढी जागा काही केल्या उजळेना. पाकाचा चिकटपणा गेला, मुंग्या गेल्या, पण अश्वजितचा तो पक्का, चमकीदार, मोहफुली रंग जागचा हलला नाही. पांढरा करून देतो म्हणून त्यानं ब्रश उचलला, तर देवरावांनी तो हातातून काढून घेतला.

जयंतीच्या दिवशी देवरावांना वजन उचलायची मनाई होती. त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा ढोल दुसऱ्याच्या गळ्यात घातला, आणि तोही जवायाच्या. अश्वजितचा ऊर भरून आला. पण ठिगळ नेमकं पुढच्या बाजूला येईल असा पट्टा देवरावांनी स्वतः बांधून दिला होता, आणि ते शेजारून चालत होते. प्रत्येक चौकात चष्मा कपाळावर सरकवून ते माणसं थांबवत.

"हे पाहा. हे आमच्या जवायानं केलं."

ते शब्द कोणाला ऐकू जाऊ नयेत म्हणून अश्वजित जीव खाऊन ढोल बडवायला लागला. तो जितका जोरात बडवी, तितकी जास्त माणसं वळून ढोलाकडे बघत होती.