खंडेनवमीची खुर्ची

लालासाहेब सुभेदार नव्या खुर्चीत बसले आणि उठायला गेले, तेव्हा खुर्चीही त्यांच्याबरोबर उठली.

"अगं, ही सोडंना!" ते ओरडले.

"कोण?" स्वयंपाकघरातून अनसूयाबाईंनी विचारलं.

"खुर्ची!"

पलूसच्या अर्जुना सुताराने महिनाभर खपून ही सागवानी खुर्ची घडवली होती. तिच्यात खिळा नाही, स्क्रू नाही. लाकडाला लाकडानेच मिठी मारलेली आणि ती मिठी सुटू नये म्हणून लाकडाचीच खुंटी. रंग असा, की उन्हं कलताना गव्हाच्या शेतावर उतरतो तो. कामात खोट काढायला जागा नव्हती. खोट होती ती मापात. अर्जुना टेप घेऊन आला, तेव्हा सुभेदारांनी त्याला हाताने थोपवलं होतं. "फौजेतनं सुटलो तवाचं कमरंचं माप लिव. तवापास्नं सूतभर हललेलं न्हाई." फौजेतून सुटून त्यांना अठरा वर्षं झाली होती.

एरवी दिवसभर बसून राहिले असते तरी चाललं असतं. पण आज वडूजहून पाहुणे यायचे होते. सुभेदारांची संयोगिता आणि वडूजचा वीरधवल यांनी एकमेकांना फोनवर कधीच पसंत केलं होतं. राहिली होती फक्त वीरधवलची आजी. बनुबाईंना हुंडा नको, मानपान नको, पण सोयरा दारापर्यंत सामोरा आला पाहिजे. एवढ्याच कारणावरून म्हातारीने दोन ठिकाणचा चहा न घेता जीप माघारी फिरवली होती.

"अर्जुनाला बोलीव," सुभेदार लेकीला म्हणाले. "म्हणावं, हत्यारं घिऊन ये."

अर्जुना आला तो रिकाम्या हातांनी, कपाळाला कुंकू लावून.

"हत्यारं कुठायत?"

"आज खंडेनवमी न्हाई का, सुभेदार? करवत, रंधा, पटाशी, समदी न्हाऊनमाखून फुलं लिऊन बसल्यात. उद्या सोनं लुटल्याबिगर उठायची न्हाईत. वर्सातनं एक दिस रजा असती त्यास्नी."

"आरं, रजेवरल्या माणसाला बी बोलवत्यात फौजेत!"

"आमच्यात न्हाई बोलवत."

त्याने वाकून खुर्चीखाली बोट घातलं. "ह्या डाव्या हाताखाली भोक हाय. आत बोटभर खोल खुंटी. खालनं ठोकली की हात निघून येतोय."

"मग दगडानं ठोक!"

"दगड भोकात शिरंल व्हय?"

संयोगिता घरभर फिरली. पहार, कोयता, पाना, मुसळ सगळं देवघरात झेंडूखाली झोपलं होतं. सकाळी तिनेच हळदीकुंकू वाहिलं होतं. मिक्सरसुद्धा माळ घालून बसला होता. हाताशी राहिला एकटा ऊस. मागच्या फडातून तिने बोटाएवढा बारीक ऊस मोडून आणला.

अर्जुनाने तो भोकात घातला आणि खालून दगड हाणला. खुंटी जागची हलली नाही. ऊस मात्र फुटला आणि रस सुभेदारांच्या धोतरात उतरला.

"गार लागतंय रं!"

"लागू द्या. गोड हाय."

गोड आहे हे अंगणातल्या मुंगळ्यांनाही कळलं. ते एका ओळीत शिस्तीने ओसरी चढले. एवढी नेटकी पलटण सुभेदारांनी उभ्या नोकरीत पाहिली नव्हती. तेवढ्यात दारात जीपचा हॉर्न वाजला.

"कुणीबी काय बोलायचं न्हाई," सुभेदार दबक्या आवाजात म्हणाले. "माझी अब्रू हाय."

बनुबाई काठी टेकत उंबऱ्याशी आल्या आणि तिथंच थांबल्या. त्यांनी वाट पाहिली.

"या, या!" सुभेदार खुर्चीतूनच गरजले आणि त्यांनी बसल्या बसल्या कडक सलाम ठोकला.

"पाय दुखत्यात व्हय, सुभेदार?"

"छ्या! ठणठणीत हाय."

म्हातारीच्या कपाळाला आठी पडली. वीरधवल मुकाट्याने पुढे होऊन सासऱ्याच्या पाया पडायला वाकला. नेमका त्याच क्षणी पहिला मुंगळा मुक्कामाला पोचला. सुभेदारांचा गुडघा उडाला आणि जावयाच्या कपाळावर बसला.

"लाथ?" बनुबाई म्हणाल्या. "माझ्या नातवाला? वीरू, जीप फिरीव."

वीरधवल कपाळ चोळत संयोगिताकडे बघत राहिला. संयोगिताच्या डोळ्यांत पाणी तरारलं. मग तिने बापाकडे पाहिलंच नाही.

"आजी, आबा अडकल्यात! अठरा वर्सामागचं माप दिलं आन् खुर्चीत रुतून बसल्यात. त्यास्नी मुंगळंबी चावाय लागल्यात!"

सुभेदारांनी मान खाली घातली. "व्हय, आक्का," ते पुटपुटले. "पोट सुटलंया माझं."

बनुबाईंच्या खांद्यांना आधी हिसका बसला, मग पदर तोंडाशी गेला आणि मग म्हातारी अशी हसली, की तिला भिंतीचा आधार घ्यावा लागला. "आवं, मग आदीच सांगायचं की! एवढा मोठा सुभेदार आन् पोटाला लपवतोय!"

हसणं ओसरल्यावर वीरधवलने सुभेदारांना खुर्चीसकट उजवीकडे कलतं धरलं आणि बनुबाई खाली बसल्या. काठीचं निमुळतं टोक त्यांनी स्वतःच्या हाताने भोकात घातलं. "हिला कुणी फुलं वाहिली न्हाईत आज. हाण रं सुतारा."

अर्जुनाने मुठीवर दगड हाणला. टक्. खुर्चीचा हात अलगद निघाला. सुभेदार उठले, सगळ्यांत आधी उंबऱ्यापर्यंत गेले, तिथून वळून हात जोडत आत आले आणि म्हणाले, "या, आक्का."

आक्का आल्या. अर्जुनाने हात परत बसवला आणि खुर्चीत आक्का बसल्या. त्यांना ती अशी बसली, की जणू त्यांच्यासाठीच लाकूड वाढलं होतं. पोहे झाले, चहा झाला.

"चला, उजेडी वडूज गाठू," त्या म्हणाल्या. "माझी काठी कुठाय?"

काठी देवघरात होती. करवतीसारखीच आडवी, कुंकू लावलेली, वर झेंडूचं फूल. शेजारी संयोगिता उभी होती आणि तिच्या बोटाला कुंकू होतं.

"खुंटी तिनंच काढली की, आजी. म्हंजी हत्यारच झालं."

सगळ्यांनी अर्जुनाकडे पाहिलं. अर्जुनाने आढ्याकडे पाहिलं. "पुजलं म्हंजी पुजलं. आता उद्या, सोनं लुटल्यावर."

"आन् मी चालू कशी?"

"ऱ्हावा की," वीरधवल पटकन म्हणाला. त्याने जीपमधली कपड्यांची पिशवी केव्हाच आत आणली होती.

बनुबाईंनी नातवाकडे पाहिलं, मग पोरीकडे, बराच वेळ. "गुणाची हाय," त्या म्हणाल्या. "माझ्यावानी. अनसूया, अंथरुणं घाल. आन् ऱ्हातोयच तर सुपारी बी फोडून टाकू. आण अडकित्ता."

अनसूयाबाई जागच्या हलल्या नाहीत.

"अडकित्ता बी पुजलाय," संयोगिता हळूच म्हणाली.

मग लालासाहेब सुभेदार छाती काढून पुढे आले, तबकातली सुपारी त्यांनी उचलली आणि दाढेखाली धरली. दाढेला कुणी कुंकू लावलं नव्हतं.