प्रणयचे सहा फूट

"हिंदी महासागर तू सांभाळ," हेलन म्हणाली. "तुझ्या घराजवळच आहे ना तो?"

प्रणय गजभियेला आधी वाटलं, साहेबीण गंमत करतेय. पण हेलन गंमत करत नसे. बेसिंगस्टोकच्या बिझनेस पार्कातल्या त्या छोट्या कंपनीची ती मॅनेजर होती आणि कंपनीचा धंदा एकच होता: जगभरच्या समुद्रांवर उद्या-परवा लाटा केवढ्या येतील ते सांगायचं. फळीवर उभं राहून लाटेवरून घसरत येणारे सर्फर लोक वर्गणी भरून हे अंदाज वाचत आणि त्यावर विमानाची तिकिटं काढत. प्रणयचं काम होतं वेबसाइट तपासणं. बटण दाबलं की पान उघडतंय का, एवढाच त्याचा समुद्राशी संबंध. पण मालदीवचा अंदाज लिहिणारा ग्रॅहम बाप झाल्यामुळे रजेवर गेला होता आणि बाकी सगळ्यांकडे आधीच एकेक समुद्र होता.

"हेलन, मी नागपूरचा आहे," प्रणय म्हणाला. "इंडियाच्या अगदी मधोमध. तिथून कुठल्याही दिशेला निघालं तरी समुद्र सारखाच लांब."

"आकडे मशीन देतं. तू फक्त चार वाक्यं लिहायची. यात काय चुकणार?"

प्रणयला पोहता येत नव्हतं, हे त्याने सांगितलं नाही. कुणी विचारलं नव्हतं, आणि कंपनीत माणसं कमी करण्याची कुजबुज चालू होती. नोकरी गेली की व्हिसा गेला, व्हिसा गेला की तनूची शाळा गेली आणि धम्मशीलाने नुकताच घेतलेला सोफासुद्धा. त्याने मालदीव घेतला.

मालदीवच्या एका बेटाजवळ पाण्याखाली प्रवाळाचा एक खडक होता. दूर दक्षिणेत कुठेतरी वादळ व्हायचं, तिथून निघालेल्या लाटा काही दिवसांनी या खडकावर येऊन उभ्या राहायच्या. लाट सुंदर, पाणी उथळ. पडणाऱ्याला खालचं प्रवाळ असं काही सोलायचं, की सर्फरांनी त्या जागेचं नावच 'ग्रेटर' ठेवलं होतं. म्हणजे किसणी. ग्रॅहमने जाताना माहिती म्हणून काही फोटो ठेवले होते. त्यातला एक कुणाच्या तरी पाठीचा होता. प्रणयने तो पाहिला आणि दुपारी डब्यातली गाजराची कोशिंबीर त्याला खाववली नाही.

पहिल्या दिवशी मशीनने सात फूट सांगितलं. प्रणयची बोटं थबकली. आपण सात लिहायचं, ते वाचून कुणाचा तरी मुलगा हौसेने जायचा आणि पाठ किसून घ्यायचा. त्याने 'चार फूट, विशेष काही नाही' असं लिहिलं. कुणी काही बोललं नाही. दुसऱ्या दिवशी सहाचे तीन केले. हळूहळू त्याला हे काम आवडू लागलं. आपण इथे बेसिंगस्टोकच्या पावसात बसून अनोळखी माणसांच्या पाठी वाचवतोय, असं वाटून बसमध्ये त्याची मान जरा ताठ होऊ लागली.

मग एके सकाळी हेलनने त्याला आपल्या खोलीत बोलावलं.

"तू मागच्या आठवड्यात सलग छोट्या लाटा सांगितल्यास. ऑस्ट्रेलियातल्या एका ग्रुपने ट्रिप रद्द केली. नंतर त्यांनी तिथले फोटो पाहिले. त्यातला एक जण म्हणे रडला."

"पण सुरक्षित आहे ना?"

"तो आहे. दुसरा ग्रुप नाही." हेलनने फोनवरचा निरोप ऐकवला. बेटावरच्या रिसॉर्टचा मॅनेजर बोलत होता. 'तीन फूट, विशेष काही नाही' हे वाचून त्याने नवशिक्यांची होडी किसणीवर नेली होती. यॉर्कशरहून आलेले निवृत्त शिक्षक. सगळे जिवंत होते. पण एका बाईंचा पोहण्याचा पोशाख खडकाने ठेवून घेतला होता, आणि भूगोलाच्या एका सरांची कवळी अजून सापडली नव्हती.

मोठी लाट सांगितली तर तरबेज लोक जाणार आणि छोटी सांगितली तर पेन्शनर जाणार, हे त्याच्या लक्षातच आलं नव्हतं. समुद्रात कुणीच जाऊ नये असा आकडाच नव्हता.

घरी सासरे आले होते. भगवानराव सिंचन खात्यातून रिटायर झाले होते आणि नागपुरातला उन्हाळा चुकवायला लेकीकडे राहत होते. त्यांनी चहा पिता पिता सगळं ऐकून घेतलं.

"जवाईबापू, तुमचं चुकलंच ना! पाण्याचं कधी कमी सांगायचं असते का? आम्ही धरणाचे दरवाजे उघडाचे तं एक फूट पाणी चढणार असलं तरी तीन फूट सांगाचो. लोकं भेऊन आपोआप वर पळाचे. जास्त सांगा तुम्ही. बिनधास्त सांगा."

"पप्पा, तुमची लोकं पाण्यापासून लांब पळायची," धम्मशीला स्वयंपाकघरातून म्हणाली. "ही लोकं पाण्याकडे पळतात. प्रणय, तू प्लीज मशीन सांगतंय तेच लिही. ऐक माझं."

पण प्रणय घाबरलेला होता, आणि घाबरलेल्या माणसाला अनुभवी माणसाचा सल्ला पटतो. त्याने हिशेब केला: मोठा आकडा पाहून निदान शिक्षक तरी घरी बसतील. शुक्रवारी मशीन पाच म्हणालं. प्रणयने लिहिलं, 'अकरा फूट. अत्यंत धोकादायक. शक्यतो टाळा.'

शिक्षक घरी बसले. बाकी जगात कुणी बसलं नाही. 'अत्यंत धोकादायक' हे शब्द सर्फर लोक जेवणाची घंटा ऐकावी तसे ऐकतात, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. ब्राझीलहून आले, दक्षिण आफ्रिकेहून आले. जो ऑस्ट्रेलियन रडला होता तो तर मित्रांसकट सगळ्यांच्या आधी येऊन बसला. किसणीवर इतक्या फळ्या झाल्या की पाणी दिसेना. लाट आली ती पाच फुटांची, तीही जराशी उशिरा, आणि त्या एकीसाठी दोघांनी पाण्यातच एकमेकांचे केस धरले. ते भांडण कुणीतरी चित्रित केलं. त्याखालच्या प्रतिक्रियांमध्ये पहिल्यांदा प्रणयचं नाव आलं. अंदाजाखाली लेखकाचं नाव छापायची कंपनीची पद्धत होती.

त्या सोमवारपासून प्रणयने कानाला खडा लावला. मशीन सहा म्हणालं, त्याने सहा लिहिलं. एक शब्द इकडेतिकडे नाही. पण आता वाचणाऱ्यांचा विश्वास उडाला होता. एकाने विचारलं, "हे खरे सहा फूट की प्रणयचे सहा फूट?" दुसऱ्याने लिहिलं, "प्रणय घाबरतो. दुप्पट करा." तिसऱ्याने लिहिलं, "गेल्या वेळी मी दुप्पट केलं आणि माझी सगळी रजा वाया गेली. निम्मं करा." निम्मं करणारे नवशिके आणि दुप्पट करणारे तरबेज असे दोघंही त्याच दिवशी किसणीवर पोहोचले आणि एकमेकांच्या अंगावरून गेले.

गुरुवारी हेलनची मेल आली. सोमवारी सकाळी मीटिंग. एचआर असेल आणि रिसॉर्टचा मॅनेजर व्हिडिओवर असेल. खाली नेहमीचं 'चिअर्स' नव्हतं.

प्रणयने ती मेल धम्मशीलाला दाखवली. तिने तनूच्या शाळेचा युनिफॉर्म इस्त्री करायला घेतला आणि तो बराच वेळ इस्त्री करत राहिली. तिचं ते इस्त्री करणं त्याला एचआरपेक्षा जड गेलं.

"ज्याच्यापायी नोकरी जाऊन राहिली, तो समुद्र एकदा पाहून तं घ्या," भगवानराव म्हणाले. "मीही नाही पाहिला लंडनचा समुद्र."

"पप्पा, लंडनला समुद्र नाहीये."

"मंग जिथं असन तिथं चला."

रविवारी चौघं ट्रेनने बोर्नमथला गेले. आभाळ राखाडी, वारा थंड, आणि तरीही इंग्रज लोक उघडे होऊन वाळूवर पडलेले. समुद्र अगदी सभ्य दिसत होता. भगवानरावांनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, स्वेटर आणि कानटोपी तशीच ठेवली आणि सरळ पाण्यात जाऊन उभे राहिले. तनू त्यांचा हात धरून उड्या मारू लागली.

"बाबा, ये ना! पाणी खूप छान आहेत!" ती आपल्या बेसिंगस्टोकच्या मराठीत ओरडली.

प्रणय कोरड्या वाळूवर बूट घालून उभा होता. इतके आठवडे ज्याच्याबद्दल तो लिहीत होता ते हे. आकडे नाहीत, बाण नाहीत, नुसतं हलतंय. त्याला एकाएकी स्वतःची लाज वाटली. कवळी हरवलेले ते सर, केस ओढणारे ते दोघं, सगळे निदान पाण्यात तरी उतरले होते. त्याने बूट काढले, मोजे घडी करून बुटांत ठेवले आणि तो चालत गेला. घोट्यापर्यंत, मग पोटऱ्यांपर्यंत. गार होतं, पण बरं वाटलं. तो वळून धम्मशीलाला हात करणार, तेवढ्यात मागून लाट आली.

तिने त्याला गुडघ्यामागे धरलं आणि खाली बसवलं. मग आडवा केला. नाकात पाणी, तोंडात वाळू, वर काय आणि खाली काय ते कळेना. त्याला पाठीचा तो फोटो आठवला. आपण गेलो, असं त्याला अगदी स्पष्ट वाटलं. तनूची शाळा, सोफा, सगळं डोळ्यांसमोरून गेलं. मग कुणीतरी त्याची कॉलर धरून उचललं. ते कानटोपी घातलेले भगवानराव होते. पाणी त्यांच्या गुडघ्याला लागत होतं.

"जवाईबापू! केवढी होती?"

"बारा," प्रणय खोकत म्हणाला. "बारा फूट. नक्की."

लाल-पिवळ्या कपड्यातला लाइफगार्ड पळत आला होता. हे काय म्हणतायत, असं त्याने धम्मशीलाला विचारलं. तिने सांगितलं. त्याने समुद्राकडे बघितलं, प्रणयकडे बघितलं, आणि हळू आवाजात तो म्हणाला, "वन फूट, मेट. मेबी वन."

"बाबा, लाट छोटी होता," तनूने समजूत काढली.

परतीच्या ट्रेनमध्ये प्रणय सासऱ्यांचं स्वेटर घालून बसला होता. धम्मशीला खिडकीबाहेर बघत होती आणि तिचे खांदे हलत होते. ती रडतेय असं त्याला वाटलं. त्याने वाकून पाहिलं तर ती हसत होती. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

"बारा फूट," ती कशीबशी म्हणाली आणि तिने पदर लावावा तशी जॅकेटची बाही तोंडाला लावली. त्यालाही हसू आलं, पण ते फार टिकलं नाही. पुढच्या स्टेशनानंतर सोमवार जवळ आला.

मीटिंगला जाताना त्याने ठरवलं होतं, सगळं कबूल करायचं. त्याने केलंही. कमी का लिहिलं, जास्त का लिहिलं, पोहता येत नाही, काल बोर्नमथला काय झालं. एचआरची बाई लिहायची थांबली. पडद्यावरचा रिसॉर्टचा मॅनेजर कॅमेऱ्याजवळ सरकला.

"म्हणजे हा माणूस खोटारडा नाही," तो शेवटी म्हणाला. "हा फक्त भितो. आजवरचे सगळे अंदाजवाले शूर होते, त्यांच्या भरवशावर माझे पाहुणे पडतच होते. मला समुद्राला भिणारा माणूस हवाय. पण इतक्या लांबून नको. इथे, खिडकीत बसून, डोळ्यांनी बघून भिणारा."

हेलनने घसा साफ केला. "प्रणय, ग्रॅहम आता परत येत नाहीये. त्याला बाळ जास्त आवडलंय. पुढचा अख्खा सीझन तू बेटावर राहशील. किसणीसमोरची कॉटेज आहे. नोकरी इथलीच धरू, व्हिसाचं आम्ही बघतो. फॅमिली नेता येईल."

काचेच्या भिंतीपलीकडे ऑफिस होतं. बातमी कशी कोण जाणे लगेच फुटली होती. बाहेर पाऊस लागला होता. उत्तर समुद्र सांभाळणारा कॉलिन प्रणयकडे असा बघत होता, जसा कुणी आपली बायको पळवणाऱ्याकडे बघेल.

"हेलन," प्रणय म्हणाला, "यापेक्षा दुसरी काही शिक्षा नाही का?"

हेलन हसली. त्याने तिला हसताना पहिल्यांदाच पाहिलं. तिला ती गंमत वाटली होती.

संध्याकाळी घरी आल्यावर त्याने दारातच सांगून टाकलं. धम्मशीलाच्या हातातला झारा तसाच राहिला.

"मालदीव? ते निळं पाणी असतं ते? अख्खा सीझन?"

"हो."

"आम्ही पण?"

"हो."

लग्नानंतर तिने त्याला इतक्या प्रेमाने कधी जवळ घेतलं होतं ते त्याला आठवेना. तनू सोफ्यावर उड्या मारू लागली आणि तिला कुणी रागावलं नाही. भगवानरावांनी तोवर नागपूरला फोन लावलाही होता. प्रणयने बाथरूममध्ये जाऊन दरवाजा बंद केला तरी त्यांचा आवाज आत येत होता.

"हो हो, मालदीवले! आपल्या जवाईबापूले मुद्दाम बोलावून राहिले तिकडचे लोकं. समुद्राचे एक्सपर्ट आहेत ना ते! अरे, काल बारा फुटाच्या लाटेत उतरले होते, मी सोता पाहिलं..."

प्रणयने टबाचा नळ सोडला आणि काठावर बसून पाणी चढताना बघत राहिला. टब अर्धा भरल्यावर त्याला ते जरा जास्तच वाटलं. त्याने बूच काढून थोडं पाणी सोडून दिलं, बूच घट्ट बसवलं, टॉवेलचा दांडा एका हाताने धरला आणि मग पाय आत टाकला.