दुखरा शब्द आणि भागू रानकोंबडी

एका जंगलात शब्द फार कमी होते. भूक, पाणी, पळा, आला रे आला, एवढ्यावर सगळ्यांचं छान चाललं होतं. हसू नका, तुमच्याकडे शब्दांची पोती भरलेली आहेत म्हणून तुम्हाला वाटतंय तसं.

त्या जंगलात माफी मागायला शब्दच नव्हता. त्याऐवजी एक रीत होती. तिला म्हणायचे राखण. ज्याच्या हातून किंवा पायाखाली कुणाचं घरटं, बीळ, अंडी मोडतील, त्याने ज्याचं मोडलं त्याच्या दारात उभं राहायचं. पिल्लं आपल्या पायावर उभी राहीपर्यंत हलायचं नाही. आई चरायला गेली की त्याने पहारा करायचा.

एकदा एका रानडुकराने सशिणीचं बीळ उकरलं. मग काय! महिनाभर तो धटिंगण त्या बिळापुढे उभा. जाणारे येणारे विचारायचे, "काय हो, पिल्लांनी डोळे उघडले का?" तो मान खाली घालून म्हणायचा, "एकाने उघडलेत." त्या दिवसापासून तो पाय टाकण्याआधी खाली बघायला लागला.

असं सगळं बरं चाललेलं असताना जंगलाच्या कडेला माणसांनी रिसॉर्ट बांधलं. माकडाला तेवढंच हवं होतं. ते दिवसभर तिथल्या छपरावर बसायचं आणि संध्याकाळी येऊन बातम्या सांगायचं.

एक दिवस ते धापा टाकत आलं. "अरे ऐका, ऐका! आज एका माणसाने दुसऱ्याच्या अंगावर गरम चहा सांडला."

"मग? किती दिवस राखण लागली?" सगळ्यांनी विचारलं.

"एकही नाही! तो नुसता म्हणाला, सॉरी. आणि निघून गेला."

"आणि चहा अंगावर पडलेला?"

"तो म्हणाला, इट्स ओके. आणि मोरीकडे पळाला."

जंगल थक्क झालं. मग जंगलाला मोह झाला. आठवड्याभरात ज्याच्या त्याच्या तोंडी सॉरी. अस्वलाने मधमाश्यांचं पोळं खाल्लं, सॉरी. कोल्ह्याने खेकड्याच्या पायावर पाय दिला, सॉरी. पाणवठ्यावर पुढे घुसायचं असेल तरी सॉरी. समोरच्याचं ऐकू आलं नाही तरी सॉरी? सांबराने हरणाला आसरा नाकारला, तोही याच शब्दाने. एका शब्दात एवढी कामं होतात म्हटल्यावर राखणीला कोण उभं राहतंय!

आता भागूची गोष्ट. भागू ही रानकोंबडी. करवंदीच्या जाळीत तिने पाच अंडी घातली होती आणि पाच दिवस ती त्यांच्यावर बसून होती. कोंबडीचं अंडं एकवीस दिवसांनी फुटतं, हे तुम्हाला ठाऊक असेल. नसेल तर घरी विचारा.

सहाव्या दिवशी सकाळी दाजीबा गवा त्या वाटेने आला. गवा म्हणजे चालता बोलता डोंगर. वर बघत चालत होता. भागू ओरडली, फडफडली, शेवटी जीव वाचवायला बाजूला झाली. कचकन आवाज आला आणि दोन अंडी चिरडली.

"सॉरी," दाजीबा म्हणाला.

"सॉरी काय, दाजीबा? माझी दोन लेकरं गेली! तीन उरलीत. उभे राहा इथे राखणीला."

"बाई, म्हटलं ना सॉरी."

"अहो, समोर दगडाआड घोरपड बसलीय! मी दाणा टिपायला गेले तर उरलेलीही खाईल ती. मी खाऊ काय?"

"बरं, सॉरी, सॉरी. आता तीनदा झालं," दाजीबा वैतागून म्हणाला, "इट्स ओके म्हणायची पद्धत असते बाई. शिका जरा." आणि तो चिखलात लोळायला निघून गेला.

घोरपडीला जरा डुलकी लागली, तेवढ्यात भागूने धावत जाऊन वाघोजी महाराजांपुढे गाऱ्हाणं घातलं. महाराजांना न्यायाची फार हौस. त्यांनी विचारलं, "गव्याने काहीच केलं नाही?"

"सॉरी म्हणाला, महाराज."

"म्हणजे काय?"

दरबारात कुणालाच सांगता येईना. रोज वापरत होते सगळे, पण अर्थ? माकड म्हणालं, "महाराज, म्हणजे... ते झालं की संपतं."

"असं कसं! शब्दाचा अर्थ आणि मूळ कळल्याशिवाय निकाल देणार नाही," महाराज म्हणाले आणि त्यांनी साळिंदर पंडितांना कामाला लावलं. मुदत चौदा दिवस.

"चौदा दिवस?" भागू कळवळली. "महाराज, तोवर राखणीला कुणीतरी द्या हो. कुणीही द्या."

"अर्थ लागायच्या आत राखण दिली तर तो अन्याय होईल," महाराज म्हणाले. दरबार वाहवा म्हणाला.

भागू परत जाऊन बसली. बसल्या जागी हाताशी येतील त्या मुंग्या टिपायची. कोंबडीला हात कुठून आले म्हणता? चोचीशी म्हणा. शहाणे आहात फार! तर ती अशी वाळली की पिसांखाली नुसता सांगाडा राहिला. समोरची घोरपड रोज एक वीत पुढे सरकायची. भागूला रात्रंदिवस भीती वाटायची, पण ती उठली नाही.

विसाव्या दिवशी पहाटे अंड्यांच्या आतून टुकटुक ऐकू आली. पोरं जागी झाली होती. भागूला इतका आनंद झाला की ती आपल्याशीच मोठ्याने हसली. आता एकच दिवस! आणि तेवढ्यात महाराजांचे दोन रानकुत्रे हजर. "निकाल आहे. चल."

"उद्या येते ना, दादा. पाया पडते."

"सॉरी," रानकुत्रे म्हणाले आणि तिला घेऊन गेले.

दरबार खच्चून भरला होता. साळिंदर पंडित चौदा दिवस रिसॉर्टच्या मुदपाकखान्यामागे बसून कान देऊन आले होते. त्यांनी घसा साफ केला. "महाराज, या शब्दाचे अर्थ चार. एक, वाईट वाटलं. दोन, ऐकू आलं नाही, पुन्हा सांगा. तीन, मिळणार नाही. चार, एखाद्याची दशा अगदी भिकार आहे."

"आणि मूळ?"

"मूळ फार जुनं आहे. इंग्रजीत दुखऱ्या, ठणकणाऱ्या जागेला सोअर म्हणतात. त्याच घराण्यातला हा शब्द. पूर्वी ज्याच्या मनाला खरंच ठणका लागायचा, त्याच्यासाठी हा शब्द होता. शोकासाठी त्यांच्याकडे सॉरो असा एक शब्द आहे. दोघांचे चेहरे सारखे दिसतात, पण ते घराणं निराळं."

भागूचे डोळे चमकले. "ऐकलंत महाराज? ठणका लागला पाहिजे! दाजीबाला कुठे काय लागलंय? तो तर मजेत लोळतोय!"

महाराजांनी डोळे मिटून विचार केला. ते विचार करत तेव्हा सगळ्यांना भीती वाटायची. मग त्यांनी गव्याला विचारलं, "तू कितीदा म्हणालास?"

"तीनदा, महाराज."

"तीनदा! म्हणजे तुला तीनदा ठणका लागला?"

दाजीबा अंगाने मोठा, पण अकलेने काही कमी नव्हता. तो तिथेच मटकन बसला आणि पाय धरून कण्हायला लागला. "लागला, महाराज. टरफल रुतलंय. आई गं!"

"अरेरे!" दरबार हळहळला. दोन सांबरी पुढे होऊन त्याला वारा घालू लागल्या.

"महाराज, मी तसं म्हटलं नव्हतं," साळिंदर पुटपुटले. पण तोवर महाराजांनी त्यांच्या अंगावर शाल घातली होती. ती काट्यांत अशी अडकली की पंडित उरलेला वेळ ती सोडवण्यातच गुंतले.

महाराज उभे राहिले. "आपली रीत मोठी आहे. दुखावलेल्याच्या दारात राखण झालीच पाहिजे. दुखावलेला कोण, हे पंडितांनी सिद्ध केलं आहे. भागू, आजपासून तू दाजीबाच्या चिखलापाशी उभी राहशील. त्याच्या अंगावरच्या गोचिड्या टिपशील आणि दर घटकेला त्याची विचारपूस करशील."

"महाराज, माझी पोरं टुकटुक करतायत!" भागू किंचाळली. "उद्या बाहेर येतील. एक दिवस द्या मला, एकच दिवस!"

"गव्याला ठणका आज आहे," महाराज म्हणाले.

भागू दुपारभर गोचिड्या टिपत उभी राहिली. रडत होती आणि टिपत होती. दाजीबाला उन्हं कलताना डुलकी लागली, तशी ती जिवाच्या आकांताने जाळीकडे धावली.

जाळीत तीन टरफलं होती. शेजारी घोरपड पोट वर करून पडली होती. भागूला पाहताच तिने जीभ आत घेतली आणि अतिशय सभ्यपणे म्हणाली, "सॉरी."

आरडाओरडा ऐकून सगळं जंगल धावत आलं. सांबरी आल्या, अस्वल आलं, माकड आलं. सगळे भागूला ओलांडून पुढे गेले आणि घोरपडीभोवती कोंडाळं करून बसले.

"कुठे दुखतंय गं?" त्यांनी मायेने विचारलं.

"पोटात," घोरपड म्हणाली.

माकड ओव्याची पानं आणायला पळालं. महाराजांचे रानकुत्रे भागूपाशी आले आणि म्हणाले, "उद्यापासून सकाळी गवा, दुपारनंतर घोरपड. उशीर करू नकोस."

तात्पर्य: बाळांनो, दुसऱ्याचं काही मोडलंत तर आधी आपण कण्हायला लागा. ज्याचं मोडलं तो बिचारा तुकडे गोळा करण्यात गुंतलेला असतो, त्यामुळे पहिला नंबर तुमचाच लागेल.