दर्यामोती होडीनें दोर न घेतल्याची बखर

श्री दर्याआई समर्थ. जिच्या हुकुमानें भरती चढते आणि जिच्या हुकुमानें ओहोटी उतरते, तिचे पायीं मस्तक ठेवून, खाडीकांठच्या राज्यीं शके १९४६, क्रोधीनाम संवत्सरीं, चैत्रमासीं जें वर्तमान जाहलें तें लिहितों. लिहिणारा कोण हें विचारूं नये. त्या दिवशीं होडींत होता, इतकें पुरे.

तें राज्य ऐसें कीं मधें खाडी, ऐलतीरीं एक वस्ती, पैलतीरीं दुसरी, आणि आई दोघांची एकच. चैत्रीं आईची पालखी ऐलतीराहून निघून पैलतीरीं माहेरीं जावयाची, आणि तिला होडींतून नेण्याचा मान ऐलतीरच्या राजश्री धाकलू तांडेल यांच्या घराण्याकडे. पणजोबांनीं वल्हीं मारून नेली, आजोबांनीं शीड लावून नेली, वडिलांनीं जुन्या धडधड्या इंजिनावर नेली, आणि मग मान धाकलू तांडेलांकडे आला. परंतु त्या मानास एक अट होती. पालखीच्या होडीमागें पैलतीरची होडी दोर घेऊन चालावयाची, आणि मधल्या धारेंत पालखीची होडी अडून तिनें तो दोर घेतला, तर त्या दिवसापासून मान दोर देणाराच्या घरीं. आजवर तो दोर कोणी घेतला नव्हता. पैलतीरचे राजश्री पोशाजी नाखवे दरसाल नवा दोर वळवून घेत, झेंडूचीं फुलें बांधून होडींत ठेवीत, आणि दरसाल तो कोरडाच घरीं नेत. त्यामुळें नाखवे तांडेलांस पाण्यांत पाहत, आणि तांडेल नाखव्यांस दिसले कीं मिशीवर हात फिरवीत. पालखी पैलतीरास टेकेपर्यंत तांडेल होडीच्या पुढल्या टोकास, नाळीवर, उभे राहत, तेव्हां त्यांची छाती ऐसी पुढें येई कीं सदऱ्याच्या गुंड्या तुटूं पाहत. गर्व म्हणाल तर गर्व होता, परंतु खोटा नव्हता.

त्या वर्षीं तांडेलांनीं जुनी लांकडी होडी काढून फायबरची नवी होडी आणिली. तिचें नांव दर्यामोती. तींत नवें इंजिन बसविलें, ज्यांत डिझेल किती द्यावें हें एक संगणक ठरवितो आणि मग तें बारीक फवाऱ्यानें आंत सोडिलें जातें. ऐसें इंजिन त्या राज्यांत पहिलेंच होतें, आणि तांडेल येणाऱ्याजाणाऱ्यास बोलावून त्याचा आवाज ऐकवीत. जुन्या होडीस मागल्या बाजूला उजवीकडे एक लांकडी खुंट होता. त्यावर शेंदूर लावून आईचें ठाणें मानीत. नव्या होडीस खुंट कोठचा असावा? तेथें एक वांकड्या मानेची पितळी नळी तेवढी वर आलेली होती. तांडेलांनीं स्वहस्तें तिजवर तेलांत कालविलेला शेंदूर थापिला, चांदीचे डोळे चिकटविले, आणि आई नव्या होडींत बसली म्हणून सर्वांस गूळखोबरें वाटिलें. मग आईच्या स्वारीस कमी नको म्हणून टाकी गळ्यापर्यंत डिझेलानें भरिली.

मग होडी पाण्यांत नेली. धक्क्याजवळ इंजिन मांजरासारखें गुरगुरे, परंतु खाडींत नेऊन रेस दिली कीं थोडी वाट चालून त्याचा जोर उतरे, होडी जड होई, आणि रेस कितीही ओढिली तरी इंजिन कण्हत राही. पंख्यास गवत गुंडाळलें असेल म्हणून एकानें बुडी मारिली. पंखा स्वच्छ होता. डिझेल सरलें कीं काय म्हणून टाकीचें झांकण फिरविलें, तों आंतून दीर्घ फुस्स ऐसा आवाज आला, आणि पाहतात तों डिझेल भरपूर. झांकण लावून पुन्हां चालू केलें, तों इंजिन ठणठणीत. आईची पूजा करणारे नथू भगत होडींत होते. ते म्हणाले कीं आईनें उसासा टाकिला, मान कमी पडला आहे. हें सर्वांस पटलें, आणि नळीवर शेंदराचा दुसरा हात बसला. दुसऱ्या दिवशीं पुन्हां तेंच. झांकण उघडिलें, उसासा आला, इंजिन सुधारलें, आणि शेंदराचा आणखी एक हात बसला. ऐसें होतां होतां नळीचें बोंडूक झालें, नळी कोठें तें दिसेना, आणि उसासे अधिकच लांब येऊं लागले.

तेव्हां तांडेलांनीं शहरांतून दाऊद मिस्त्री यांस पाचारण केलें. मिस्त्रींनीं इंजिनास लॅपटॉप जोडिला, खाडींत फेरी मारून आंकडे पाहिले, दोन्ही फिल्टर बदलिले, डिझेल बाटलींत धरून त्यांत पाणी नाहीं हें पाहिलें, पंप तपासिला. मग म्हणाले कीं इंजिनाचा दोष नाहीं; पंप ओढतो आहे, परंतु डिझेलचा दाब पडतो, म्हणून संगणक जोर कमी करितो; अडतें आहे तें टाकीकडे; टाकी रिकामी करून खोलूं द्या. परंतु पालखी दुसऱ्या दिवशीं सकाळीं निघावयाची, आणि आईच्या नांवें भरलेली टाकी तिच्या आधीं रिकामी करणें तांडेलांस अशुभ वाटलें. मिस्त्रींनीं मान हलविली आणि उद्यां आपण होडींत बसतों म्हणाले. ही बातमी पैलतीरीं पोंचली, आणि नाखव्यांनीं दोरास दुप्पट फुलें बांधविलीं. तांडेलांच्या तोंडचें पाणी पळालें. बापाच्या हातून न गेलेला मान आपल्या हातून जाणार, आणि तो त्या माणसाच्या घरीं जाणार, ही कल्पनाच त्यांस सोसेना. परंतु बाहेर दाखविलें नाहीं. मिशांस पीळ देऊन सर्वांस सकाळीं लवकर या म्हणून सांगितलें.

पालखी निघाली. सनई वाजली, बायांनीं गाणीं धरिलीं, आणि दर्यामोतींत पालखीजवळ तांडेलांच्या पत्नी चांगूबाई समईस तेल घालावयास बसल्या. मागें नाखव्यांची होडी, नाळीवर दोर. मध्यापर्यंत सुखरूप गेले. मग जेथें खाडीस समुद्राचें पाणी भेटतें आणि लाटा आडव्या येतात, नेमकें तेथें इंजिनानें मान टाकिली. होडी धारेबरोबर समुद्राकडे वाहूं लागली. झांकण उघडूं जावें तों लाट आंत येऊन खारें पाणी टाकींत पडण्याचें भय, म्हणून मिस्त्रींनीं झांकणावर हात ठेवून मना केलें. सनई थांबली. नाखव्यांची होडी बाजूस आली, आणि नाखवे दोर उगारून म्हणाले, "तांडेल, दोर धरा. आयेला ताटकलत ठेवू नका."

खरें सांगतों, त्यांत कुचेष्टा नव्हती. आई वाहून जाते हें पाहून त्यांचाही स्वर कांपला. तांडेलांनीं दोराकडे पाहिलें आणि त्यांचा हात अर्धा उचललाही. त्याच वेळीं समई विझूं लागली म्हणून चांगूबाईंनीं तेलाचा नवा डबा घेतला आणि खिळ्यानें भोंक पाडून ओतूं लागल्या, परंतु तेल थेंब थेंब पडे. मग त्यांनीं डब्याच्या दुसऱ्या कोपऱ्यास आणखी एक भोंक पाडिलें, तों तेलाची धार लागली. चांगूबाईंचा हात थांबला. त्यांनीं डब्याकडे पाहिलें, नवऱ्याकडे पाहिलें, आणि म्हणाल्या, "अवो, डब्याला एकच भोक आसला त तेल येतं का? हवा आत जावाला पायजे. तुमच्या टाकीला दुसरा भोक कंचा?"

तांडेल मिस्त्रींकडे वळले. मिस्त्री चटकन उठले, टाकीवरून निघालेली रबरी नळी बोटानें धरून ती कोठें जाते तें पाहत मागें सरकले, आणि त्यांचें बोट शेंदराच्या बोंडुकापाशीं जाऊन थांबलें. मिस्त्रींनीं बोट मागें घेऊन तांडेलांकडे पाहिलें. दुसऱ्याच्या देवाबद्दल काय बोलणार? तांडेलांस मात्र सर्व उमगलें. आई उसासा टाकीत नव्हती. टाकी हवेसाठीं घुसमटत होती, आणि आपण एकेक हात शेंदूर चढवून तिचें नाक बुजवीत होतों. नथू भगत शेंदराची वाटी घेऊन पुढें आले, तों तांडेलांनीं कमरेची सुरी काढिली. आईच्या ठाण्यास सुरी लावणें म्हणजे काय, हें लिहिणारा जाणतो. तांडेल मोठ्यानें, दोन्ही होड्यांस ऐकूं जाईल ऐसें म्हणाले, "आय हितं नाय. आय पालखीत हाय. ही टाकीची नळी हाय, न तिचा नाक मीच बुजवलाय. पाप लागंल त माझ्या एकल्याला लागू दे."

ऐसें म्हणून त्यांनीं चांदीचे डोळे काढून कपाळास लाविले आणि चांगूबाईंच्या पदरांत दिले, आणि मग शेंदूर खरवडिला. आंत जाळी लागली, तीही चोंदलेली. ती उपटून काढिली, आणि नळीनें सूं करून ऐसा श्वास ओढिला कीं सर्वांनीं ऐकिला. मिस्त्रींनीं रेस दिली. इंजिन एकदां खोंकलें, दोनदां खोंकलें, आणि मग ऐसें गरजलें कीं बसलेले मागें कलंडले. दर्यामोतीनें नाक वर केलें, लाटा फोडल्या, आणि सनई आपोआप सुरू जाहली. तांडेल नळीपाशींच गुडघ्यावर बसले होते, हात कोपरापर्यंत लाल, आणि लाटेचा तुषार आंत जाऊं नये म्हणून नळीवर तळव्याचा आडोसा धरिला होता. नाळ त्या वर्षीं रिकामी राहिली.

पैलतीरीं पालखी उतरली. पोशाजी नाखवे कोरडा दोर खांद्यावर टाकून आले, आणि लोकांस वाटलें आतां टोमणा मारतील, परंतु त्यांनीं वांकून त्या नळीकडे पाहिलें आणि आपण आतां नवी होडी घेतली तर तिची नळी कोणत्या बाजूस असेल, तें मिस्त्रींस हळूच विचारिलें. नथू भगतांनीं चांदीचे डोळे पालखीच्या दांड्यास बसविले, आणि ते तेथेंच राहिले.

तेव्हांपासून त्या राज्यांत ऐसी चाल पडली कीं पालखी चढण्यापूर्वीं तांडेलांनीं सर्वांदेखत ओणवें होऊन नळीस तोंड लावावें, फुंकर मारावी, आंत टाकीचें झांकण उघडून बसलेल्या चांगूबाईंनीं हवा आली म्हणून सांगावें, आणि मग नारळ फोडावा. छाती काढून चालणारा पुरुष साऱ्या राज्यासमोर ओणवा होतो, आणि उठतो तेव्हां सदऱ्याच्या गुंड्या पुन्हां तुटूं पाहतात.

सारांश, मान राहिला, दोर कोरडा राहिला, आईस श्वास घ्यावयास जागा राहिली. लेखनसीमा.