क्वार्टरबॅकचा डावा गुडघा

सोमवारी सकाळी ऑफिसच्या कॉफी मशीनपाशी फक्त फुटबॉल चालायचा. अमेरिकन फुटबॉल, म्हणजे ज्यात चेंडू हातात घेऊन पळतात तो. आदल्या दिवशी हडसन हॅमर्स का हरले, कोच कसा बिनडोक आहे, कोणाला संघाबाहेर काढायला हवं, यावर सगळी माणसं इतक्या पोटतिडकीने बोलायची, की कॉफी गार व्हायची. नकुल टिळेकरला या खेळातलं काहीही कळत नव्हतं. पण आठ वर्षं त्याने "व्हॉट अ गेम, मॅन!" या एकाच वाक्यावर निभावून नेलं होतं. संघ जिंकला तर तो हे वाक्य हसून म्हणायचा, आणि हरला तर मान हलवून.

ऑक्टोबरातल्या एका सोमवारी मात्र त्याच्या विभागाचा प्रमुख ग्रेग थेट त्याच्याकडे वळला.

"नकुल, तू कधी काही बोलत नाहीस. टायलरबद्दल तुझं मत काय?"

टायलर ब्रँट हा हॅमर्सचा क्वार्टरबॅक. सगळा खेळ ज्याच्या हातून सुरू होतो, चेंडू कोणाकडे फेकायचा हे जो ठरवतो, तो गडी. यावर "व्हॉट अ गेम" चालण्यासारखं नव्हतं. पाच जण नकुलकडे बघत होते. तेवढ्यात त्याला घरात ऐकलेलं एक वाक्य आठवलं आणि तो बोलून गेला.

"त्याचा डावा गुडघा दुखतोय. म्हणून तो उजवीकडेच पळतो. त्याला बसवा."

नुसतं "बसवा" म्हणणं फारच मिळमिळीत वाटल्यामुळे नकुलने पुढे जोडलं, "अख्खा सीझन."

गुरुवारी संघाने जाहीर केलं की टायलर ब्रँटच्या डाव्या गुडघ्याला सूज असून तो पुढचे सामने खेळणार नाही. ग्रेग हातात फोन नाचवत नकुलच्या टेबलापाशी आला. त्या दिवसापासून ऑफिसात नकुल टिळेकर या नावाला वजन आलं.

ते वाक्य त्याच्या सासूबाईंचं होतं.

सुलेखाताई बोरकुटे नागपूरला मुलींच्या शाळेत एकतीस वर्षं खो-खो शिकवून रिटायर झाल्या होत्या. मुलगी इशिता हिच्या बाळंतपणासाठी त्या जर्सी सिटीत आल्या, आणि चौदाव्या मजल्यावरच्या नकुलच्या फ्लॅटमध्ये तीन महिन्यांच्या अनिकाला झोपवण्याचं काम त्यांच्याकडे आलं. अनिका अंगाईने झोपत नसे. गाणं सुरू झालं की ती भोकाड पसरायची. एका रविवारी दुपारी टीव्हीवर चुकून फुटबॉलचा सामना लागला, सत्तर हजार माणसांचा गोंगाट घरभर झाला आणि अनिका गाढ झोपली. मग दर रविवारी सुलेखाताई नात खांद्यावर टाकून तीन-तीन तास टीव्हीसमोर बसू लागल्या. पळणारी माणसं समोर दिसत असताना त्यांच्या पायांकडे बघायचं नाही, हे त्यांना जमण्यासारखं नव्हतं. पहिल्या आठवड्यात त्यांनी नियम समजून घेतले. तिसऱ्या आठवड्यापासून त्या कोचच्या चुका काढू लागल्या.

"हा पोट्टा पाहा, इशू. डावा पाय टेकवायलाच भिऊन राहिला. दोन सामने बसवा म्हणा याला."

हेच ते वाक्य. नकुल तेव्हा शेजारी बसून लॅपटॉपवर काम करत होता.

आता दर सोमवारी नवं मत लागणार होतं. रविवारी संध्याकाळी नकुल सासूबाईंसाठी चहा करून आणू लागला आणि समोर बसून विचारू लागला.

"आई, मग आज काय वाटलं तुम्हाला? कोचनं बरोबर केलं?"

सुलेखाताईंना नवल वाटलं. आठ वर्षांत या जावयाने त्यांना "प्रवास नीट झाला ना?" यापलीकडे फारसं काही विचारलं नव्हतं.

"तुम्हाला खरंच ऐकायचं आहे, नकुलराव?"

"हो, म्हणजे... इंटरेस्ट आहे."

त्या रात्री त्यांनी इशिताला सांगितलं, "जावई माणूस चांगला आहे गं. अबोल वाटायचे मला. खेळाचं बोललं की खुलतात." इशिताला हे जरा संशयास्पद वाटलं, पण नवरा आपणहून चहा करतोय म्हटल्यावर तिने खोलात जायचं टाळलं.

नकुल सगळं फोनमध्ये टिपून ठेवायचा. किकर, म्हणजे चेंडूला लाथ मारून गुण मिळवणारा, वाऱ्याकडे न बघता स्वतःच्या बुटाकडे बघतो. बचावफळीतला दाढीवाला शेवटच्या दहा मिनिटांत दमतो, त्याला आधीच विश्रांती द्यायला हवी. टायलरच्या जागी आणलेला कोल मर्सर अडतीस वर्षांचा आहे, डोकं चांगलं आहे पण वळायला ट्रकइतका वेळ लागतो. सोमवारी ही मतं कॉफी मशीनपाशी नकुलच्या नावावर जमा व्हायची. ती बहुतेक वेळा खरी ठरायची.

नोव्हेंबरात ग्रेग म्हणाला, "रविवारी तू माझ्याबरोबर स्टेडियमवर येतोयस. वॉल्श यांच्या खास बॉक्समध्ये."

वॉल्श हे कंपनीचे सगळ्यात मोठे क्लायंट. त्यांचा प्रोजेक्ट पुढच्या वर्षी चालू राहणार की नाही हे अजून ठरायचं होतं आणि नकुलची सगळी टीम त्याच प्रोजेक्टवर होती.

"मी कशाला?" नकुलने विचारलं.

"त्यांना गुडघ्याची गोष्ट सांगितली मी. ते म्हणाले, असा माणूस शेजारी बसून मॅच बघायची आहे."

नकुलने दोन दिवस विचार केला आणि शनिवारी सासूबाईंसमोर बसला.

"आई, उद्या मी स्टेडियमवर चाललोय. ऑफिसचं आहे. पण तुमच्याशिवाय मॅच बघायला मजा नाही येत. मी कानात इयरबड ठेवतो, तुम्ही घरून बोलत राहाल?"

सुलेखाताईंचा चेहरा उजळला. "बोलेन की! एकटे कंटाळाल तुम्ही तिथं."

इशिता दाराशी उभी होती. "नकुल, नक्की काय चाललंय तुझं?"

"काही नाही गं. बाँडिंग."

रविवारी एक वाजता नकुल काचेच्या उबदार बॉक्समध्ये वॉल्श यांच्या उजव्या हाताला बसला होता. डाव्या कानात इयरबड होता, त्यावर लोकरी टोपी ओढलेली. वॉल्श साठीचे, धिप्पाड आणि मोठ्या आवाजाचे गृहस्थ होते. ग्रेग मागच्या रांगेत बसून अभिमानाने हसत होता.

सामना सुरू झाला आणि पाचव्या मिनिटाला नकुलच्या लक्षात एक भयंकर गोष्ट आली. घरचा टीव्ही मैदानापेक्षा अर्धा मिनिट मागे होता.

"आता मर्सर डावीकडे फेकणार," कानात सुलेखाताई म्हणाल्या.

"आता तो डावीकडे फेकणार," नकुल म्हणाला.

वॉल्श त्याच्याकडे वळले. "फेकला की. तू बघत नव्हतास?"

"मी... पुढच्या वेळचं म्हणतोय."

पुढच्या वेळी मर्सरने उजवीकडे फेकला. त्यानंतर किकरचा टोला हुकून लोक हळहळून खाली बसल्यावर नकुलच्या कानात आवाज आला, "हा टोला हुकणार बरं." या वेळी नकुल काहीच बोलला नाही. ग्रेगचं हसू जरा आखडलं होतं. नकुलने ठरवलं, भविष्य बंद. आता फक्त मतं द्यायची. मतांना अर्धा मिनिट उशीर झाला तरी चालतो.

ही युक्ती मध्यंतरापर्यंत चालली. दाढीवाल्याला विश्रांती द्यावी, या मतावर वॉल्श खूश झाले. "कोचपेक्षा याला अक्कल आहे," असं त्यांनी ग्रेगला ऐकवलं. नकुल सैलावला. सासूबाई बोलत होत्या, तो त्याचं इंग्रजी करत होता.

"दोन तास होऊन गेले," कानात सुलेखाताई म्हणाल्या.

"दोन तास होऊन गेले," नकुल गंभीरपणे म्हणाला.

"बदलायलाच हवं आता."

"बदलायलाच हवं आता."

"अगदी बरोबर!" वॉल्श म्हणाले. "मर्सर थकलाय!"

"पार जड झालंय."

"पार जड झालाय."

"मी हेच म्हणतोय कधीचा! पळताच येत नाही त्याला!"

"वासही येऊन राहिला. इशू, वाइप्स आण गं."

नकुल तोंड उघडून थांबला.

"पुढे?" वॉल्श यांनी उत्सुकतेने विचारलं.

"एवढंच," नकुल म्हणाला. त्याला दरदरून घाम फुटला. म्हणून त्याने लोकरी टोपी काढली, टोपीबरोबर इयरबड निघाला, खाली पडला आणि पायऱ्यांवरून टणाटण उड्या मारत कुठेतरी दिसेनासा झाला. नकुल वाकून शोधू लागला. वाकताना खिशातला फोन बाहेर येऊ लागला, तो सावरताना त्याचं बोट पडद्यावर नको तिथे टेकलं आणि स्पीकर सुरू झाला.

"नकुलराव! ऐकू येऊन राहिलं का? तुमच्याजवळ तो कोण ओरडून राहिला, त्याला म्हणा जरा दम धर!"

सगळ्या बॉक्सने हे ऐकलं. भाषा कोणालाच कळली नाही, पण आवाज एकतीस वर्षं मैदानावर वापरलेला होता. वॉल्श आपोआप ताठ बसले.

"कोण आहे हे?"

नकुलने ग्रेगकडे बघितलं, मग प्रोजेक्टच्या भवितव्याकडे मनातल्या मनात बघितलं. दुसरं काहीही सुचलं नाही.

"माझ्या सासूबाई. त्या... त्याही मॅच बघतायत."

"त्यांनाही फुटबॉल कळतो?" वॉल्श फोनजवळ सरकले. "मॅडम, नमस्कार! तुमचे जावई फारच हुशार आहेत. टायलरला अख्खा सीझन बसवा म्हणाले. तुम्हाला पटतं का?"

सुलेखाताई शाळेतल्या स्वच्छ, सावकाश इंग्रजीत बोलल्या.

"सीझन कोणी सांगितला? मी दोन सामने म्हणाले होते. फक्त दोन."

बॉक्समधल्या सगळ्या माना नकुलकडे वळल्या. ग्रेगच्या हातातला चिप्सचा घास हातातच राहिला.

"मी म्हणाले होते, म्हणजे?" वॉल्श म्हणाले.

"म्हणजे, गुडघा त्यांनी ओळखला," नकुल म्हणाला. "किकरही त्यांनी. दाढीवालाही. मला यातलं काहीच कळत नाही."

वॉल्श यांनी एकदा नकुलकडे बघितलं आणि फोन त्याच्या हातातून काढून घेतला. उरलेला सामना ते फोनशी बोलत बसले. नकुलला त्यांनी एकदाच हाक मारली, ती फोन चार्ज करायला.

घरी परतताना नकुलने माफीची तीन भाषणं तयार केली. दार सुलेखाताईंनीच उघडलं. त्यांनी त्याला सोफ्यावर बसायची खूण केली आणि समोर उभ्या राहिल्या.

"आई, मी तुमची मतं ऑफिसात माझी म्हणून सांगत होतो. चुकलंच माझं. मला वाटलं—"

"ते जाऊ द्या. अख्खा सीझन काऊन म्हणाले तुम्ही?"

"ते... जरा जोरकस वाटावं म्हणून."

"जोरकस? त्या पोट्ट्याचं वय तेवीस आहे! तीन आठवडे बसला, सूज उतरली. तो वॉल्श म्हणून राहिला, क्लबात त्याच्या ओळखीचे सगळे 'सीझनभर बसवा' म्हणतात, कारण तुमच्या ऑफिसातल्या एका एक्स्पर्टनं सांगितलं. कोणा खेळाडूबद्दल असं बोलतात का?" त्यांचा आवाज खाली आला. "आणि मला वाटलं, तुम्हाला गप्पा मारायच्या आहेत."

आतल्या खोलीतून इशिता म्हणाली, "बाँडिंग म्हणे!"

प्रोजेक्ट चालू राहिला. वॉल्श यांनी तसं बुधवारी कळवलं आणि त्याच ई-मेलमध्ये पुढच्या रविवारचं आमंत्रण पाठवलं. ते मिसेस बोरकुटे यांना होतं. नकुलचा त्यात उल्लेख नव्हता.

रविवारी सुलेखाताई जाड कोट, पायात स्पोर्ट्स शूज आणि डोक्याला स्कार्फ अशा तयारीने वॉल्श यांनी पाठवलेल्या गाडीतून गेल्या. इशिताही बरोबर गेली, तिला बाळंतपणापासून बाहेर पडायला मिळालं नव्हतं. नकुल अनिकाला खांद्यावर घेऊन टीव्हीसमोर बसला. ती झोपली होती, त्यामुळे जागचं हलता येत नव्हतं. लॅपटॉप टेबलावर, हाताच्या टप्प्याबाहेर होता. नाइलाजाने तो तीन तास सामना बघत राहिला.

टायलर ब्रँट परत आला होता. तो डावीकडे दोनदा पळाला, आणि नकुलला त्याचं डावं पाऊल पडताना दिसलं. याआधी त्याला कधीही कोणाचं पाऊल दिसलं नव्हतं. शेवटी हॅमर्सना दोन यार्ड हवे होते आणि एकच प्रयत्न उरला होता. कोचने किकरला न बोलावता टायलरलाच पळायला लावलं आणि टायलर अडवला गेला. नकुलच्या तोंडून "अरे!" निघालं. आठ वर्षांत प्रथमच त्याला एक मत झालं होतं आणि ते सांगायला घरात कोणी नव्हतं. त्याने हळूच फोन उचलला.

"आई, किक मारायला हवी होती ना तिथं? वारा मागून होता. झेंडे बघितले मी."

मागे वॉल्श यांचा आरडाओरडा ऐकू येत होता. सुलेखाताईंनी त्यांना "वन मिनिट" असं बजावलेलंही नकुलला ऐकू आलं.

"झेंडे बघितले तुम्ही?"

"हो."

"स्वतः?"

"हो, आई."

"मत चूक आहे," सुलेखाताई म्हणाल्या. "तो किकर तिथून मागच्या चार वेळा हुकलाय. पण चहा ठेवून ठेवा. मी आले की बोलू."